बहारात फसलेली जोंगा

हल्ली वाचक मला विचारतात, "ताई, डांबरी रस्ता सोडून भटकायचंय, या दोन गाड्यांपैकी कोणती घेऊ?" इंजिनाची ताकद, चाकांची रुंदी, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मी विचारते, शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे? यावर बहुतेकांची गाडी बंद पडते. माझ्या डोक्यात मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, कोराडीहून काटोलला केलेली एका दिवसाची सफर फिरायला लागते.

बाबा तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रातली बस चालवायचे आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची. आई ती झटकता झटकता काटोलच्या दिशेला बघत उभी राहायची. काटोलपलीकडे तिच्या माहेरची संत्र्याची बाग होती, कलमं तिनेच लग्नाआधी लावलेली. पण बैलगाडीतून पडून तिची कंबर गेली आणि बागेची शेवटची वाट तर बैलगाडीचीच. डॉक्टरांनी गचके बंद केले, म्हणजे बागच बंद केली. बाबा जाऊन आले की ती त्यांच्या सदऱ्याचा वास घ्यायची. मला ते बघवत नसे.

त्या वर्षी आंबिया बहार फुटल्याचा निरोप आला आणि आई म्हणाली, "एकदा मले नेऊन दाखवा जी. मंग काही नाही मांगत." बहार काही दिवसांचाच. फुलं गळली की पुन्हा वर्षाची वाट.

बाबा मला घेऊन थेट कामठी रोडला रफीकभाईंकडे गेले. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या ठीकठाक करून विकणं हा त्यांचा धंदा. तिथे दोघी शेजारी उभ्या होत्या. एक आखूड, चपळ जीप. दुसरी जोंगा, धिप्पाड, रुंद, मागच्या बाकावर माणूस पाय पसरून बसेल अशी. बाबांचं मन जीपवर, माझं जोंगावर. रफीकभाई म्हणाले, "दोन्ही घेऊन चला भाऊ. एक तुम्ही चालवा, एक मी. पेट्रोल तेवढं तुमचं."

सकाळी काटोल नाक्यावरून निघालो. आई बाबांच्या जीपमध्ये, मी रफीकभाईंबरोबर जोंगात. फेटरी मागे पडली, तुरीची शेतं आली, हवेत गारवा होता. पुढच्या जीपमधला आईचा पदर उडताना दिसत होता आणि मला वाटलं, आपण सगळे झोपेतच कुठेतरी निघालोय. कळमेश्वरला पोहे खायला थांबलो. तर्री इतकी तिखट की रफीकभाईंनी दोनदा पाणी मागितलं. आई मात्र ताटलीला हात लावेना. ओठ पांढरे पडले होते. जीप प्रत्येक खड्डा तिच्या कमरेला कळवत होती. "दुखून राहिलं का वं?" बाबांनी विचारलं. "नाही जी," ती म्हणाली. बाबांनी तिला जोंगाच्या मागच्या बाकावर बसवलं, पाठीशी गोधडी लावली आणि स्वतः जोंगा चालवायला घेतली. जीप रफीकभाईंकडे गेली.

काटोलचा बाजार ओलांडला, डांबर संपलं. नाला दोन्ही गाड्यांनी सहज पार केला. तिथून वास सुरू झाला. संत्र्याच्या फुलांचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो सांगता येत नाही. आईने डोळे मिटले आणि गाडी हळू घ्यायला सांगितलं.

आणि बागेच्या तोंडाशीच जोंगा रुतली! जीप पुढून पार झाली होती, पण जोंगाची मागची चाकं काळ्या मातीत निम्मी बुडाली. फेब्रुवारीत चिखल कुठला? राखणदार किसना धावत आला, तोंड भरून हसत. "बाई इतक्या वर्सानं येऊन राहिल्या. त्याइच्या अंगावर धूळ काहून उडू देऊ? म्हनून पाटाचं पाणी सोडलं वाटेवर."

अंगणात सडा टाकावा तसा त्याने अख्खी गाडवाट भिजवली होती. बाबांनी कपाळाला हात लावला. "अन् बैल कुठं हायेत गा?" बैल वखरावर गेले होते, दुपार कलल्याशिवाय येणार नव्हते. आईला उतरवून चिखलातून चालवणं शक्यच नव्हतं.

"राहू द्या जी," आई म्हणाली. "घाई काय हाय?"

जोंगाच्या दोन्ही बाजूंनी फांद्या आत आल्या होत्या. मधमाश्यांची गुणगुण चालली होती. आई हात लांब करून पानं कुरवाळत होती, "हे कलम माह्या हातचं." किसनाने गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आम्ही चिखलात पाय रोवून जेवलो, आई बाकावर पाय पसरून. मग तिचा तिथेच डोळा लागला. केसांत पांढऱ्या पाकळ्या पडत राहिल्या आणि बाबा एकही झटकू देईनात. त्या दुपारी ते बागेकडे बघतच नव्हते. बैल आले तेव्हा आई जागी होऊन म्हणाली, "इतक्यातच आले?"

परतताना काटोलला चहा घेतला. रफीकभाई प्रामाणिक माणूस. "जीप घ्या भाऊ. पेट्रोल कमी पिते, चिखलातून निघाली बी. जोंगा तुमच्यासमोर फसली." बाबा आईकडे वळले. "तू सांग वं."

"फसते ते घ्या," आई म्हणाली.

घरी पोचलो तर दोरीवरच्या कपड्यांवर राख होतीच. आईने ती झटकली, पण त्या दिशेला बघत उभी नाही राहिली. आठवड्याभरात जोंगा दारात आली.

तुम्हाला जायचं असेल तर बहारातच जा, शिदोरी न्या, परतीची घाई ठेवू नका. वाट आता सोपी आहे. आम्ही गाडी घेतल्यावर किसनाने तिथे मुरूम टाकून घेतला, पुन्हा कधी पाणी सोडलं नाही. तरीही दर बहारात, आई होती तोवर, जोंगा बरोबर त्याच जागी थांबायची. बाबा उतरायचे, कोरड्या ठणठणीत चाकांभोवती एक फेरी मारायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "फसली वं."

"राहू द्या मंग," आई म्हणायची आणि पाय पसरायची.