कुमुदमावशींनी निवडलेलं पुस्तक

कुमुदमावशींना काल त्यांच्या बुक क्लबने दुसऱ्यांदा मारलं.

पहिल्यांदा हार्टने मारलं, गेल्या महिन्यात. ते निदान झटपट होतं.

मावशी मूळ नागपूरच्या. संसार सगळा इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात. काका वारले, मुलगी टेक्सासला गेली, मावशी हलल्या नाहीत. सत्तरीतही ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः काढायच्या.

मी शेजारी. फावडं घेऊन गेलो की ओरडायच्या, "तू आधी तुझा काढ! पोस्टवाला आपटेल एक दिवस."

लायब्ररीतल्या बुक क्लबमध्ये त्या एकट्याच देशी. तिथे दर महिन्याला एक मेंबर सगळ्यांसाठी पुस्तक निवडतो.

मावशींचा टर्न आला की क्लब चालवणारी लिंडा निवडायची. प्रेमाने. सरप्राइज म्हणून.

सरप्राइज ठरलेलं. कव्हरवर मेंदी, साडी, नाहीतर आंबा.

"अरे, मी नागपूरची. निदान संत्रं तरी छापा म्हणावं!"

मावशींना हवी होती एक जुनी कादंबरी. इथल्याच माळावरची. युरोपातून बोटीने आलेली शेतकरीण, बाहेर हिमवादळ, आणि तिची भाषा बोलणारं जवळपास कुणी नाही.

लिंडा म्हणाली, "पण ती तर आमची स्टोरी आहे, कुमुद! तू तुझी सांग ना."

इथली आपली मराठी मंडळी तरी काय वेगळी?

घरोघरचे डबे आणून जेवायच्या पॉटलकला मावशींनी तीच कादंबरी सुचवली, तर एक काका हसले. "त्यात आपलं माणूस कुठंय, मावशी?"

"बर्फ काढणारी बाई आपली नाही, तर मग कोण आपली?"

काकांनी श्रीखंड वाढून घेतलं.

या महिन्याचा टर्न मावशींचा होता. जाण्याआधीच त्यांनी माझ्यासमोर लिंडाला फोन केला होता. "नो सरप्राइज. आय चूज." कादंबरी टेबलावर आणून ठेवली होती.

काल त्याच टर्नला शोकसभा झाली.

समोसे होते. चर्चेला पुस्तक? आंबा.

"हे वाचलं आणि कुमुद खऱ्या अर्थाने कळली," लिंडा म्हणाली. मनापासून रडत होती. तेच तर भयंकर.

मी म्हटलं, "त्यांनी दुसरं पुस्तक निवडलं होतं."

"माहितीये. पण हे जास्त तिचं वाटलं."

सिटिझनशिप सरकारने मावशींना केव्हाच दिली होती. इथली गोष्ट मात्र कुणी द्यायला तयार नव्हतं.

मावशी, भावपूर्ण श्रद्धांजली त्यांनी आंब्यासकट वाहिली आहे.

तुमची कादंबरी मी घरी आणलीय.

रात्रभर बर्फ पडला. आज आधी तुमच्या ड्राइव्हवेवरचा काढला. रागावू नका.

आता वाचायला बसतोय.