दोन्ही जुळेपर्यंत

लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटर आला, त्या वर्षाचं बोलायला बसलं की हातातला चहा निवतो. तिथले क्लार्क श्रीपतराव आमचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यामुळे मला सगळं कळायचं. न कळलेलं मी विचारून घ्यायची.

शिकवायला आलेला पोरगा म्हणाला, "सर, डबल क्लिक." श्रीपतरावांनी एकदा दाबलं, थांबले, मग दुसऱ्यांदा दाबलं.
"लवकर दाबायचं, सर."
"अरे, पहिल्याचं उत्तर तरी येऊ दे!"

एकदा भर गर्दीत करंट गेला. श्रीपतरावांनी वही उघडून सगळी रांग संपवली. इथल्या रीतीनं सगळे ज्यांना स्वामी म्हणत, ते अध्यक्ष खूश. "मोठी रिस्क होती, निभावली."
"निभावली कसली, स्वामी. मी होतो इथं."

पण नियम ठरलेला. श्रीपतरावांनी वहीत लिहायचं, तेच नव्यानं लागलेल्या शालूनं कॉम्प्युटरात घालायचं, संध्याकाळी ताडून बघायचं. सलग तीस दिवस जुळलं की वही बंद आणि श्रीपतराव घरी. त्यांची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.

अठ्ठाविसाव्या दिवशी शालूची चूक निघाली. मोजणी पुन्हा एकपासून. पुढच्या खेपेला सव्विसाव्या दिवशी.
बाजारात फुलं घेताना मी तिला गाठलंच. "अगं, महिनाभर नीट, आणि शेवटीच कशी चुकतेस?"
शालू मोगरा निवडत राहिली. "त्यांच्या मुलीची परीक्षा मार्चात आहे, आंटी."

अध्यक्षांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "आणखी एक चूक, की उद्यापासून येऊ नकोस."

तिसऱ्या खेपेचा एकोणतिसावा दिवस. मी पन्नास रुपये भरून काउंटरशीच रेंगाळले होते. ताडून बघताना श्रीपतराव थांबले. माझे पन्नास शालूनं भलत्याच बाईच्या खात्यात घातले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.
अध्यक्षांनी विचारलं, "काय झालं?"
श्रीपतरावांनी लाल पेन घेतलं, वहीतले माझे पन्नास खोडले, त्या बाईच्या पानावर लिहिले.
"माझ्या वहीत चुकलं होतं, स्वामी."
"वहीच चुकायला लागली, तर ठेवायची कशाला?"
वही त्याच संध्याकाळी बंद झाली.

सोमवारी गेले, तर श्रीपतराव काउंटरच्या अलीकडे, आमच्या रांगेत उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पन्नासची नोट आणि पैसे भरायची स्लिप. मी सवयीनं वाकून वाचलं. स्लिपवर माझं नाव होतं.