ब्लॉक टाइम आणि अंगठीचं प्रस्थान

“अंकल, तुमचं विमान आहे की बैलगाडी?” रघूने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “साइटवर चेन्नई-पुणे नऊशे किलोमीटर, सव्वा तास. तुमच्या तिकिटावर जवळपास दोन तास!”

चेन्नईत अड्यारला माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे. रघू शोळिंगनल्लूरला आयटीत, घराणं तंजावरी मराठी. शुक्रवारी दुपारी तीनच्या मुहूर्तावर पुण्यात त्याचा साखरपुडा होता. बरोबर त्याची आत्या, पद्माक्का. घरातला शेवटचा शब्द तिचा.

मी लगेच अक्कल पाजळली. “साइटवाले नकाशावर सरळ रेघ ओढतात आणि विमानाच्या वेगाने भागतात. खरं विमान आधी मागे ढकलतात, मग ते रनवेपर्यंत रखडत जातं, रांगेत थांबतं, तेव्हा कुठे उडतं. उतरल्यावर परत तेच. जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर तो असतो.”

रघूला पटलं. मी खूश.

आक्का मात्र विचारात पडली. “म्हणजे तिकिटावरच्या सव्वादहाला ते उडत नाही?”

“नुसतं हलतं. उडेपर्यंत साडेदहा वाजून जातील.”

“शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. त्यात गाव सोडायचं नाही.”

“आक्का, घरातून तर तुम्ही सातलाच निघणार ना?”

“विमानतळ चेन्नईतच आहे की रे. गाव सुटतं ते उडाल्यावर.”

त्याआधीचं विमान नव्हतं. पुढचं विमान मुहूर्त टळल्यावर पोचत होतं. मी गप्प बसलो असतो तर आक्का सव्वादहावर समाधानी होती. पण नाही, मला शिकवायची हौस!

तोडगा तिनेच काढला. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगली वेळ बघून सामानातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग निघताना ती उचलायची. गुरुवारी संध्याकाळी ती छोटी बॅग घेऊन आली आणि माझ्या टेबलाखाली ठेवून गेली. आत नवरीची साडी आणि अंगठी. सकाळी उचलायला ऑफिसची जादा किल्ली मी त्यांच्या घरी दिली.

शुक्रवारी मी ऑफिस उघडलं तर बॅग तिथेच. रघूला वाटलं आक्काने घेतली, आक्काला वाटलं रघूने. फोन लावला तेव्हा दोघंही सिक्युरिटीच्या आत होते.

आक्काने रघूच्या हातातून फोन घेतला. “सेरी, ठीक आहे. मग तूच घेऊन ये.”

दुपारच्या विमानाचं तिकीट मी माझ्याच नावाने काढलं. इकडे मी हवेत, तिकडे पुण्याच्या हॉलमध्ये नवरीचे वडील चिडलेले. अंगठीशिवाय कसला साखरपुडा म्हणे. आक्काने त्यांना ठणकावून सांगितलं, “अंगठी कालच निघाली आहे. वाटेत आहे. तुम्ही मुहूर्त चुकवू नका.” शेवटी नवरीच्या आईने स्वतःची अंगठी काढून दिली आणि तीनला सगळं पार पडलं.

मी घामाघूम होऊन पोचलो तेव्हा जेवणंही उरकली होती. रघूने मला मिठीच मारली. नवरीच्या बोटातली आईची अंगठी काढून ही घातली गेली. आक्काने मला ताटावर बसवलं, वर साजूक तूप वाढलं आणि म्हणाली, “बघ, चांगल्या वेळी निघाली म्हणून सुखरूप पोचली.”

बॅग मांडीवर घेऊन आलेला मी. श्रेय गुरुवारच्या संध्याकाळला.

दोन विमानतळांमधलं अंतर मी आता विचारल्याशिवाय सांगत नाही. ब्लॉक टाइम तर विचारला तरी नाही.