घरी पोचतो किती?

कुणी आपला पगार सांगितला, की कुंदाताई लगेच विचारायच्या, “ते झालं. पण घरी पोचतो किती?” मी क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरात राहायला आलो, त्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्यावर येऊन आदळला. सॉफ्टवेअरवाल्याचा पगार ऐकून लोक भुवया उंचावतात. या बाईंनी मला कर, घरभाडं आणि मुलीच्या पाळणाघराची फी वजा करायला लावली आणि म्हणाल्या, “हात्तिच्या! तू तर आमच्यातलाच निघाला.” मग माझ्या डब्यात दोन पाटवड्या जास्त पडल्या.

त्या मूळच्या नागपूरच्या. मुलगा दूरच्या ट्रली गावात इस्पितळात डॉक्टर, पण त्याच्याकडे नुसतं जाऊन बसणं त्यांना मंजूर नव्हतं. बिझनेस पार्कच्या मागे त्या जेवणाचे डबे करायच्या. मदतीला शिव्हॉन, दोन लहान मुलांची एकटी आई. कांदा चिरताना ती मोठमोठ्याने गायची आणि कुंदाताई तिला लाडाने शिव्या द्यायच्या.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं. शिव्हॉनला सरकारी भत्ता सुरू झाला आणि तो तिच्या अर्धवेळ पगारापेक्षा जास्त निघाला. पुढे भत्ता कमी झाला, तरी बसभाडं आणि मुलं सांभाळणारीचे पैसे वजा जाता तिला घरी बसणंच परवडत होतं. इकडे गोदामांतून डब्यांची मागणी पुन्हा येऊ लागली.

“दुसरं कुणी बघा,” मी म्हणालो.

“काहून? तिची जागा तिचीच आहे. पण शाळा उघडेपर्यंत मी तिला बोलावत नाही. माझे डबे जावे म्हणून तिनं पोट्ट्यांच्या तोंडचा घास काढायचा का?”

तो उन्हाळा त्यांनी एकटीने रेटला. मनगटाला पट्टा बांधून पोळ्या लाटल्या, भाजी एकच ठेवली. शिव्हॉन फोनवर दर वेळी विचारायची, “माझी जागा आहे ना गं?” तिला नोकरी जायची धास्ती होती, आणि यांना ती परत न येण्याची.

मग कुंदाताईंनी फोन हाती घेतला. मदत केंद्र, सरकारी कचेरी, जिथे लागेल तिथे त्या नागपुरी वळणाच्या इंग्रजीत विचारत सुटल्या. एका संध्याकाळी मला हाक मारली. चेहरा पडलेला. “बघ ना रे. लहान लेकरांची आई म्हणून मी तिला लवकर घरी पाठवायची. आठवड्याला तीनेक तास जास्त भरले असते, तर सरकारनं तिच्या पगारात भर घातली असती. दया करता करता मी तिचंच नुकसान करून राहिली होती!”

“पण जास्तीच्या तासांचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.”

“माझ्या गल्ल्यातून थोडेच जातील, तिच्या घरी जास्त पोचतील. अन् शाळा सुटायच्या आत काम संपवू, म्हणजे मुलं सांभाळायला बाई नको.”

ऑगस्ट संपता संपता शाळा उघडल्या. मुलांना शाळेत सोडून शिव्हॉन थेट स्वयंपाकघरात आली, एप्रन बांधला आणि म्हणाली, “ग्रँड! कांदे कुठे आहेत?” कुंदाताई खुर्चीत बसल्या. मनगटाचा पट्टा सोडून त्यांनी तो टेबलावर टाकला आणि पदराने डोळे पुसले. कांदे अजून कुणी चिरलेही नव्हते. मलाही इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी मी ऑफिसची मीटिंग विसरलो.

२०२१मध्ये नात झाली आणि बाई अखेर ट्रलीला जायला तयार झाल्या. स्वयंपाकघर त्यांनी शिव्हॉनच्या हाती सोपवलं. त्या गेल्यावर पंधरा दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. त्यांच्याशिवाय ती जागा बघवली नसती.

शेवटी डबा घ्यायला गेलो, तर एक ब्राझीलची बाई काम मागायला आली होती, कडेवर मूल. शिव्हॉनने पगार सांगितला. बाईने घाईघाईने मान डोलावली.

शिव्हॉनने हातातला झारा खाली ठेवला, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, “ते झालं. पण घरी किती पोचेल?”