टेलरमास्तरांची गिटार

शाळेच्या संमेलनाला दहा दिवस उरले असताना पेटीमास्तर घरच्या लग्नासाठी खानदेशात निघून गेले आणि गाण्याला साथ कोण करणार, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मी शिवण शिकवत असे. टाका बारीक आणि हात चलाख तो कारागीर चांगला, हीच मोजपट्टी मी गाण्यालाही लावी.

आमची शिवणयंत्रं दुरुस्त करायला देवळाली कँपातले एक गोवेकर टेलरमास्तर येत. ते गिटार वाजवतात, हे मला ठाऊक होतं. कँपात एका गोऱ्या शिपायाची गिटार मी ऐकली होती. वाजवताना त्याची बोटं दिसेनाशी होत. तसंच काही ऐकायला मिळेल, या हिशेबाने मी मास्तरांना बोलावलं.

गाणार होती सातवीतली एक मुलगी. गेल्या वर्षी चढाच्या ओळीवर तिचा आवाज फाटला आणि सगळी शाळा हसली. वडिलांनी बजावलं होतं, "यंदा पुन्हा तसं झालं तर गाण्याची शिकवणी बंद."

टेलरमास्तर गिटार मांडीवर घेऊन स्वस्थ बसले. "बाय, तू म्हण आधी." तिनं दोनदा म्हटलं. मग त्यांनी खुंट्या पिळून सगळ्या तारा खालच्या सुरात उतरवल्या. पेटीमास्तर सरसकट सगळ्या मुलींना काळी चारच्या उंच पट्टीत गायला लावत, कारण त्यांचा हात त्याच पट्टीत बसलेला. हिचा गळा बराच खालचा होता. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पण वाजवणं म्हणाल, तर ओळीला चार-पाच सूर.

"मास्तर, एवढंच? हे तर आमच्या मुली महिन्याभरात शिकतील."

"शिकतील की. मला येतंच एवढं, बाई."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तिला ऐकायला येणार ना? मग मी मध्येमध्ये कशाला बोलू?"

संमेलनात चढाची ओळ आली आणि त्यांनी तारांवर तळहात ठेवला. विसरले, असं मला वाटलं. मुलीनं सावकाश श्वास घेतला. मागून ढकलणारं कोणी नव्हतं. ओळ तिनं एकटीनं, स्वच्छ म्हटली, आणि ती संपता संपता गिटारीचा एकच सूर अलगद खालून आला. तो कुठे द्यायचा हे त्या माणसाला पक्कं कळत होतं. शिपायाच्या साऱ्या धावपळीत तसा एक सूर मला आठवेना.

बाहेर मुलीचे वडील भेटले. "पोरगी चांगली गायली. शिकवणी चालू राहू द्या. गिटारवाला मात्र अगदीच सुमार हो."

दहा दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं होतं, तेव्हा वाद कसला घालणार? सोमवारपासून मुलीला पाठवा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि टेलरमास्तरांना चहा मिळाला की नाही, ते पाहायला आत गेले.