शंभर खुरटे नारळ

दिवेआगरचे मार्तंड बापट हातात घेऊन नारळाचं वजन सांगत. वाडीत त्यांचाच शब्द शेवटचा असे. १९५८ साली धाकट्या भावाची बायको कुमुद संख्याशास्त्र शिकून घरात आली. तिने शंभर नारळ तोलले. सरासरी पन्नास तोळे आली, प्रमाण विचलन, म्हणजे वजनं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचं माप, पाच तोळे. पुस्तकातला संख्याशास्त्राचा तक्ता पाहून ती म्हणाली, "भाऊजी, हजारात साधारण एकशे साठ नारळ पंचेचाळीस तोळ्यांच्या आत भरतील."

"शंभरच भरतील," मार्तंड म्हणाले. पण घरातले सगळे तिच्या वहीवर वाकले होते. मार्तंडांचा जळफळाट झाला. हजार नारळांची रास तोलून पाहायचं ठरलं. त्याआधी त्यांनी राशीतले शंभर नारळ काढून तितकेच खुरटे नारळ गुपचूप भरले.

हलके निघाले दोनशे बेचाळीस. "माझा अंदाज चुकला, पण तुझा तक्ताही चुकला!" मार्तंड हसले.

कुमुद वही न्याहाळत राहिली. "चाळीस तोळ्यांच्या आत वीस-पंचवीस हवेत, इथे एकशे वीस आहेत. हे आपल्या झाडांचे वाटत नाहीत. पण चूक माझीही असेल, मी पुन्हा तोलते."

ती खरंच तराजूकडे वळली. मार्तंडांना राहवलं नाही. "राहू दे. ते मी घातले."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. "मला शिकवशील?" हे विचारायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली.