प्रतिष्ठित इसमाची सही

"सही करतो ना. पण आदी तेवढा गोठा झाडून घे."

गावातला बडा बागायतदार आबासाहेब असं बोलला तेव्हा माझा नवरा जाऊन सव्वा महिना बी झाला न्हवता. मी गावाबाहेर मळ्यातल्या त्याच्या बंगल्याच्या पायरीखाली उभी. हातात विम्याचा फारम. तो वर खुर्चीत बसून दात कोरून राह्यल्ता. गडी सुट्टीवर हाय म्हणला. दोन दिवसाचं शेण पडलंय म्हणला. मी फारम पदरात खोचला. खराटा घेतला आन गोठ्यात गेले.



माझा नवरा जीप चालवायचा. गाव ते घनसावंगी, दिवसातून चार फेऱ्या. त्यानं स्वतःच्या जिवावर पॉलिसी काढल्ती. मी गेलो तरी पोरीचं नर्सिंग थांबू न्हाई, असं म्हणायचा. मी चिडायचे, असलं अभद्र बोलू नका म्हणायचे. मंग कावीळ झाली. जालन्याच्या दवाखान्यात आठ दिवस, आन खेळ खलास. पोरगी तेव्हा बारावीला.

पॉलिसी ज्यानं काढल्ती तो एजंट म्हंजे आबासाहेबाचा पुतण्या. फारम त्यानंच आणून दिला. मृत्यूचा दाखला जोडला, बँकेचं पासबुक जोडलं, माझं आधार जोडलं. वारस म्हणून माझं नाव बराबर व्हतं. म्हणला, "वहिनी, एकच सही राह्यली. ह्या पानावर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची लागती."

"म्हंजे कोणाची?"

"आपल्या गावात प्रतिष्ठित कोण हाय? काकाच की."

मला बी ते खरंच वाटलं. ह्याची मला जास्ती लाज वाटती. गोठा झाडला त्याच्यापेक्षा जास्ती.

पैल्या दिवशी झाडून झाल्यावर हात धुवायला पाणी मागितलं. त्यानं जनावराच्या हौदाकडं बोट दाखवलं. मंग चहा आला. त्याला कपबशी, मला कागदी कप. आमच्या आयांच्या काळी आमची कपबशी वेगळी असायची, बाहेर कोनाड्यात पालथी घातलेली. आता कायदा हाय, म्हणून कागदी कप निघाले. प्यायचा आन फेकायचा. त्यांना तर बरंच झालं, हात लावायची बी भानगड न्हाई. चहा पिऊन झाल्यावर म्हणला, "आज चष्मा न्हाई. परवा ये."

परवा गेले. गडी अजून सुट्टीवरच. चष्मा व्हता, पण पेन सापडंना. शेण मातर सापडलं. तिसऱ्या बारीला मी न सांगताच खराटा उचलला. कोणी सांगितलं बी न्हवतं मला. आपला हात आपोआप खराट्याकडं जातो, किती पिढ्याची सवय असंल ही? त्या दिवशी तो कौतिकानं बोलला. "गुणाची हाय बाई. तुझा नवरा बी गुणाचा व्हता. वाईट झालं." असं म्हणून ढेकर दिली.

घरी येऊन साबण लावून लावून कोपरापर्यंत हात धुतले. पोरीनं विचारलं, "आई, कसला वास येऊन राह्यला?" मी खोटं सांगितलं. म्हणलं, शेळीवाल्या बाईच्या शेजारी बसल्ते जीपमधी.

चौथ्या बारीला फारम त्यानं हातात घेतला. मला वाटलं झालं आता. त्यानं तो टेबलावर ठेवला, वर चहाचा कप ठेवला आन माझ्याकडं बघून राह्यला.

"तुझ्यानं आता वाकवत न्हाई. उद्यापासून पोरीला पाठवत जा. जवान हाय, घडीभरात झाडंल. मंग करू सही."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत न्हाई. मी पायऱ्या चढले. त्या बंगल्याच्या पायऱ्या मी जल्मात पैल्यांदा चढले. कपाखालून फारम ओढला. कप कलंडला, चहा त्याच्या धोतरावर गेला.

"नको सही," मी म्हणलं.

"माझ्या सहीबिगर पैसा जागेवर सडंल तुझा."

"सडू द्या. पोरगी येणार न्हाई."

तो शिव्या देत व्हता. आमच्या जातीवरून, आईवरून, सगळ्या. मी फाट्यावर येऊन बसले. लिंबाखाली. घरी जायच्या जीपला टाइम व्हता. फारम चहानं भिजल्ता, तो मांडीवर वाळू घातला. आन तेव्हा मी तो पैल्यांदा वाचला. सातवी शिकलेली बाई मी. चार बारी हा कागद घेऊन त्या माणसाच्या दारात गेले, एकदा बी वाचला न्हवता. मला वाटायचं, सायबाचं कागद सायबानंच वाचायचं असतंय.

बोट ठेवून ठेवून वाचलं. लिहिल्तं, मयताला मी स्वतः ओळखत होतो. मयताचा देह मी स्वतः पाहिला. अंत्यविधीला मी स्वतः हजर होतो. आन त्याच्याखाली सहीची जागा.

आबासाहेब कुठं हजर व्हता? आमची मसनवाट वड्याच्या पल्याड हाय. त्यांच्या मसनवाटीला पत्र्याचं शेड हाय, सिमेंटचा ओटा हाय, नळ हाय. आमच्याकडं बाभळी. तिकडं त्यांच्यातलं कुत्रं बी फिरकत न्हाई. माझ्या नवऱ्याला खांदा दिला कडूबाभाऊनं. शेजारी राहतो, गवंडी हाय, आमचा नात्यातला न्हाई. त्यानंच लाकडं रचली. सगळे निघून गेले तरी तो राखेपाशी बसून व्हता.

आन सही कोणाची? जो आला न्हाई त्याची.

मला इतकी किळस आली की तिथंच थुंकले.

कडूबाभाऊला घेऊन मी जालन्याला विमा हापिसात गेले. तो म्हणत व्हता, "वैनी, माझी कोण सही घेतंय? मी काय मोठा माणूस हाय?" मी म्हणलं, गुमान चला. त्यानं तिथं बाकावर बसून सही केली. बोटाला सिमेंटच्या भेगा. सहीला वेळ लागला.

खिडकीतल्या मॅडमनं कागद चाळले. "हे काय करतात?"

"गवंडी."

"बाई, इथं प्रतिष्ठित व्यक्ती लागते. सरपंच, पाटील, कोणीतरी."

"मॅडम, वर वाचा ना. स्वतः हजर होतो, असं लिहिलंय. सरपंच हजर न्हवता. पाटील बी न्हवता. तुम्हाला खोटी सही चालती का?"

मॅडमनं चष्मा सावरला. वाचलं. आतल्या सायबाला दाखवून आल्या.  मंग शिक्का मारला.

दोन महिन्यांनी क्लेम मंजूर झाला. पोरगी नर्सिंगला गेली. लोक म्हणले, सुटलीस बाई. मी काही सुटले न्हाई. तो वास अजून माझ्या हाताला येतो.

आता मी वस्तीतल्या बायांना सोडत न्हाई. पत्र्याच्या पेटीतलं कागद काढायला लावते. वारस म्हणून कोणाचं नाव हाय, वाचून दाखवते. एकीच्या नवऱ्याच्या पॉलिसीवर मेलेल्या सासूचं नाव निघालं. त्याला त्याच आठवड्यात जालन्याला धाडलं, बदलून आण म्हणलं. तो कुरकुरला. म्हणला, माझ्या मरणाची एवढी घाई का तुम्हाला? म्हणलं, तुझ्या मरणाची न्हाई, तुझी बायको कोणाच्या गोठ्यात जाऊ न्हाई याची घाई हाय.

आन वस्तीत कोणी गेलं तर मी मसनवाटीत जाते. बाईनं तिथं येऊ न्हाई, असं आमचेच म्हातारे बोलले. बोलू द्या. मी तोंड बघते, सरणापाशी उभी राहते, जळून होईपर्यंत हलत न्हाई. मला हजर राहायचं असतंय. कारण उद्या कोणाची बायको, कोणाची आई फारम घेऊन निघंल, आन कोणीतरी तिला सांगंल की प्रतिष्ठित माणूस शोध.

तिनं माझ्याकडं यावं. सही मी करीन.